बॅटरी वस्तीपर्यंत

"त्यांची घरं काय, सगळी सारखीच असतात," असं सर म्हणाले तेव्हा ते जीप चालवत होते आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. खाली मी पुस्तकाचा पुठ्ठा घेतला होता, तरी पँटमधून चटका बसत होता. मागं गावाची शेवटची वस्ती धुळीत दिसेनाशी होत होती. त्या वस्तीतल्या एकाच घरात आम्ही गेलो होतो, रस्त्याकडेच्या. मशीनमध्ये मात्र सगळी घरं भरलेली होती. बॅटरी संपत आली तेव्हा सरांनी माझ्या हातातून मशीन घेतलं, त्या एका घराची माहिती उचलली आणि एक बटण पुन्हा पुन्हा दाबून बाकीच्या घरांवर बसवली. माणसं तेवढीच, शेळ्या तेवढ्याच, पाणी तिथलंच.

'त्यांची' म्हणून झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की शेजारी मी बसलोय.

"तुला नाही रे म्हणत," ते म्हणाले. "जनरल बोलतोय."

मला लगेच बोलता येत नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील डांबराच्या रस्त्यावर कामाला, आई कापूस वेचायला, आणि दोघांनीही मला एकच शिकवलं होतं की शिकलेल्या माणसासमोर उलटं बोलायचं नसतं. मी परभणीत समाजकल्याणच्या वसतिगृहात राहत होतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती. विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. पुढच्या हिवाळ्यात ते झालं. त्या उन्हाळ्यात मात्र गावोगाव माणसं त्याविषयी हळू आवाजात बोलायची, आणि आपण कोण हे आधी डोळ्यांनी तपासून मग बोलायची.

सर आमच्या कॉलेजात शिकवायचे, आणि त्यांच्याकडं पाण्याचा सर्व्हे आला होता. कोणतं घर पाणी कुठून आणतं, किती लांबून, कोण आणतं, माणसं किती, जनावरं किती, घर किती जुनं. जिथं पाणी सगळ्यात लांब, तिथं बोअर आधी घेणार होते. परदेशातून पैसा आला होता आणि त्याबरोबर हा लॅपटॉप. माहिती घरापुढं बसून तिथल्या तिथं मशीनमध्ये भरायची, कागदावर नाही, अशी अट होती. इंग्रजी टाइप करता येणारा पोरगा हवा होता म्हणून सरांनी मला घेतलं. सर वाईट नव्हते, हे मी आजही म्हणतो. त्यांनी मला त्या मशीनला हात लावू दिला, जो आमच्या कॉलेजात क्लार्कलाही लावू देत नव्हते. म्हणून तर माझा राग नीट जागेवर बसत नाही. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

राग बसला तो आधी मशीनवरच. ते सकाळी पूर्ण चार्ज होऊन निघायचं आणि दुपारी मान टाकायचं. आणि दरवेळी एकाच ठिकाणी टाकायचं. सर्व्हे पाटलाच्या किंवा सरपंचाच्या वाड्यापासून सुरू व्हायचा. मग मोठ्या गल्ल्या, मग बारीक गल्ल्या, मग सुतार-लोहार, मग गावाबाहेरच्या वस्त्या. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. गावात शिरलं की पाय आपोआप त्याच क्रमानं जायचे. पण बॅटरीलाही तोच क्रम लागू झाला. गावोगावच्या आमच्या लोकांच्या वस्तीच्या तोंडाशी आलो की लाल दिवा लुकलुकायला लागायचा, आणि मग सरांचं ते कॉपीचं बटण.

मशीनच्या खोक्यात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. मी ते विचारून वसतिगृहावर नेलं आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसलो. मशीन चालू होताना एक बटण दाबून धरलं की वेगळाच पडदा यायचा. त्यात वेग ठरवता यायचा, फास्ट किंवा स्लो. पडदा किती वेळ हात न लावल्यावर विझावा हे ठरवता यायचं. आतली डिस्क, जी सारखी गुणगुणत असायची, ती काम नसताना थांबावी का, तेही. सरांच्या मशीनमध्ये सगळं फास्टवर होतं, पडदा कायम जळत, डिस्क कायम फिरत.

मला ते समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा एकदम साधं वाटलं. आई भात शिजवताना उकळी आली की चुलीतलं लाकूड मागं ओढते. भात नंतर मंद निखाऱ्यावरही शिजतो. या मशीनमध्ये कोणी लाकूड मागं ओढतच नव्हतं. आम्ही त्यात टाइप काय करत होतो? माणसं, शेळ्या, विहीर. त्यासाठी फास्ट लागतच नव्हतं. फास्ट ठेवलं की मशीन तापायचं, तापलं की बॅटरी आणखी लवकर बसायची, आणि कधी कधी तर बॅटरी असूनही उन्हात ते आपोआप बंद पडायचं. वेग थोडा सोडला तर उष्णता कमी आणि बॅटरी लांब. तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कुठली सोडायची ते आपण ठरवायचं.

मी वसतिगृहात हे वाक्य पाठ केलं आणि सकाळी सरांना म्हणून दाखवलं.

सर हसले. "अरे, एवढं परदेशातून मशीन आणायचं आणि बैलगाडीसारखं हाकायचं? लोकांना वाटलं पाहिजे काहीतरी आलंय म्हणून."

हेच होतं खरं. सरांना लोकांना दाखवायचं होतं. पाटलाच्या ओसरीवर बसले की ते आधी आलेख दाखवायचे, पडद्यावर काड्या उभ्या राहायच्या, एक गोल फिरायचा. उजेड पूर्ण वाढवलेला. गर्दी जमायची. कोणी विचारायचं, "ह्याच्यात पिच्चर लागतो का?" कोणी म्हणायचं, "टीव्हीचं लेकरू हाय हे." सर खूश व्हायचे. सर्व्हेतलं एकही घर भरलेलं नसायचं आणि बॅटरी उतरायला लागलेली असायची.

आणि ती गादी. मानाची वस्तू म्हणून प्रत्येक वाड्यात मशीनला गादी मिळायची. पांढरी चादर घातलेली, मऊ, कापसानं गच्च भरलेली. मशीन त्यात रुतून बसायचं. त्याची हवेची भोकं खालच्या बाजूला होती, ती गादीत गाडली जायची. घरातलं सगळ्यात चांगलं आसन देऊन ते लोक मशीनला भाजून काढायचे, आणि बंद पडलं की म्हणायचे, परदेशी वस्तू, इथलं ऊन सोसत न्हाई.

मग एके दिवशी सरांनी उद्याच्या गावाचं नाव सांगितलं. तिथं माझी मावशी राहते.

ते गाव रस्त्याला लागून आहे. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. वस्तीत शिरताना पहिलं घर मास्तरांचं. मास्तर आमच्याच समाजाचे, निवृत्त झालेले, त्यांनी अंगणात स्वतःचा हातपंप बसवून घेतलेला. उन्हाळ्यात तो स्वतःच्या घरालाही पुरत नाही. बाकीच्या बाया एका शेतातल्या विहिरीवर जातात, ओढा ओलांडून. शेतमालकाची मोटार चालू असली तर पाणी, नाहीतर बसून राहायचं. तो रागात असला तर मोटार चालूच करत नाही. मावशीची कंबर गेल्या वर्षापासून धरली होती, तरी ती जायची, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणजे मी डोळ्यांनी पाहू शकत होतो उद्या काय होणार. मास्तरांच्या घरापाशी लाल दिवा. सर कॉपी मारणार. आणि वस्तीतल्या प्रत्येक घराच्या अंगणात हातपंप उगवणार, मशीनमध्ये. बोअर कशाला लागते मग त्यांना?

सकाळी जीप निघायच्या आधी मी मशीन चालू केलं आणि सगळं बदललं. वेग स्लो. पडदा लवकर विझणार, डिस्क लवकर झोपणार. उजेड वाचण्याइतका. लपवलं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण आपण होऊन सांगायला तोंड उघडलं नाही. येताना वसतिगृहातली एक लाकडी फळी घेतली, मोडक्या खोक्याची.

पाटलांच्या ओसरीवर गादी तयारच होती. मी म्हणालो, "सर, खाली फळी ठेवू का? हवा लागत नाही त्याला."

"फळी?" पाटील म्हणाले. त्यांना मिशीतल्या मिशीत बोलायची सवय होती. "जेवायला बसवायचंय का त्याला पाटावर?"

सगळे हसले. मी फळी मागं घेतली आणि मशीन गादीवर गेलं.

पाटील पुढं सरकून बसले. "सर, ह्याला इचारा बरं, औंदा कापसाला भाव लागंल का?"

"ते नाही सांगत ते," सर म्हणाले. "पण हे बघा." आणि आलेख लावला. काड्या एकेक करून वर यायला लागल्या, सावकाश, दम खात. सरांची बोटं मांडीवर वाजायला लागली.

"आज हे मुंगीसारखं का चाललंय?"

"मी स्लोवर ठेवलंय, सर." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो. "वस्तीपर्यंत बॅटरी पुरावी म्हणून."

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग पाटलांकडं. लोकांसमोर मी बोललो हे त्यांना आवडलं नव्हतं. पाटलांनीच मधे तोंड घातलं.

"वस्तीचं काय येवढं? मास्तराच्या दारात पंप हाय की. लिवा पंप. खामखा मशीनला कशाला त्रास."

"फास्ट कर," सर मला म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

"करतो, सर. पण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. पाटलांचं घर अर्धं भरलंय, ते जाईल."

ते खरं होतं. आलेखाच्या आधी मी त्यांची माणसं आणि बैल भरून ठेवले होते, पुढचं राहिलं होतं. पाटलांची मान मात्र झटकन वळली.

"माझं घर जाईल?"

"पुन्हा भरावं लागेल."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. चालू द्या हळूच. पहिलं नाव जाऊन कसं चालंल?"

म्हणून त्या दिवशी मशीन स्लोवर राहिलं. माझ्या अभ्यासामुळं नाही, वस्तीच्या पाण्यामुळं नाही. पाटलांचं नाव पहिलं राहावं म्हणून. मला त्या क्षणी हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी इतका संताप आला की मी बराच वेळ चुकीची बटणं दाबत होतो.

मग गल्ल्या झाल्या. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मी झाकण लावत होतो, मशीन फळीवर धरत होतो, सावली शोधत होतो. एक घर भरलं की मशीन थोडं थांबायचं आणि मग माहिती आत घ्यायचं. सर दरवेळी उसासा टाकायचे. पण ते गरम होत नव्हतं. तळवा लावला की कोमट लागायचं, बस.

दुपारी जेवण पाटलांकडं. सरांचं ताट आत पडलं. माझं ओसरीच्या पायरीशी आलं, वेगळ्या जर्मनच्या ताटलीत. हे मला नवं नव्हतं. पण त्या दिवशी मी पायरीवरून वर बघितलं तर मशीन गादीवर होतं, तक्क्याला टेकवून, आणि पाटलांची नातवंडं त्याला सारखी हात लावत होती. पडदा विझला की एक पोरगं बटण दाबायचं आणि तो पुन्हा पेटायचा. सर आतून ओरडून सांगत होते, "बघू द्या, बघू द्या, लेकरांना आवड पाहिजे."

मी अर्धी भाकर टाकून उठलो. हात धुतले, ताटली धुतली, कारण ती मलाच धुवायची होती. मग ओसरीवर चढलो आणि पोरांच्या हातातून मशीन घेऊन झाकण लावलं. एक बाई दारातून म्हणाली, "हे वर कसं आलं?" माझ्याविषयी म्हणाली. मशीनविषयी नाही.

वस्तीत शिरलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मास्तरांनी खुर्ची काढली, चहा ठेवायला सांगितला. सर म्हणाले, "नको, पोट जरा बिघडलंय." पाटलांकडं त्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं. मास्तरांनाही ते कळलं असणार. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि घरात चहा नको म्हणून सांगायला गेले. तो माणूस चाळीस वर्षं पोरांना शिकवत आला होता.

मी मास्तरांचं घर भरलं. पाणी: स्वतःचा हातपंप.

"झालं," सर म्हणाले. "आता कॉपी मार आणि निघू."

"सर, बॅटरी आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. लाल दिवा पेटलेला नव्हता. त्यांना ते खरंच वाटेना.

"तापलं असेल."

"नाही तापलं. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला नाही. "बघ, मला परभणीला पोचायचंय. आणि इथं वेगळं काय मिळणार आहे तुला? घरं सगळी..."

ते थांबले. या वेळी ते स्वतःच थांबले. पण मी वाक्य पुरं ऐकलं होतं, जीपमध्ये. आणि मी बोललो. पहिल्यांदाच मला शब्द शोधावे लागले नाहीत.

"सर, इथं एकाच घरी पंप आहे. बाकीचे ओढ्यापलीकडून आणतात. पाटील खोटं बोलले."

"हळू बोल."

"हळूच बोलतोय."

मास्तर दारात उभे होते. त्यांनी फक्त मान डोलावली. सर जीपकडं वळले. "अर्धा तास. नंतर मी हॉर्न वाजवीन."

मी जवळजवळ पळतच गेलो. मावशी अंगणात शेणी थापत होती. "आरं, तू? अन् हे काय आणलंस, पेटी? गायला शिकलास का कॉलेजात?"

"सर्व्हे आहे, मावशी. पाण्याचा. जल्दी कर, बस."

तिनं बाज ओढली, सुंभाची, मधून मधून उसवलेली. मी मशीन बाजेवर ठेवलं आणि पाहतच राहिलो. सुंभाच्या जाळीतून खालून वारा येत होता. फळीची गरजच नव्हती. सगळ्या गावात त्या मशीनला बसायला योग्य अशी पहिली जागा मावशीच्या अंगणात सापडली होती.

बाया जमल्या. "आमी ह्या डब्यात मावू का सगळ्या?" एकीनं विचारलं. मावशी म्हणाली, "तू न्हाई मावणार. तुला ट्रक लागंल." सगळ्या हसल्या, ती बाईही.

मी मावशीपासून सुरुवात केली. माणसं, एक. शेळ्या, दोन. पाणी, ओढ्यापलीकडची विहीर.

"घराचं वय?"

मावशीनं शेणाचे हात पुसले. "कवापासून धरायचं? बांधल्यापासून का जळाल्यापासून?"

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतराच्या दंगलीत जी घरं जळाली, त्यात मावशीचं होतं. मागची भिंत अजून काळी आहे. तिच्यावर नवी भिंत बांधली नाही, तिलाच टेकवून नवं छप्पर घातलं. मशीनला एकच आकडा हवा होता. चौकट लुकलुकत होती.

"दोन्ही सांग," मी म्हणालो. एक आकडा भरला आणि शेऱ्याच्या जागेत दुसरा लिहिला, इंग्रजीत, जमेल तसा.

मग पुढचं घर, पुढचं घर. एका घरात आठ माणसं आणि एक घागर. एका घरातली सून बाळंतीण, तिचं पाणी सासरा आणतो, बाया त्याला हसतात. एका म्हातारीनं सांगितलं की ती विहिरीवर जातच नाही, ओढ्यात खड्डा करून झिरपलेलं पाणी वाटीनं भरते. एक जण म्हणाला, "आमी मोटारवाल्याच्या शेतात फुकट राबतो, म्हणून पाणी देतो तो आमाला." हे कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. मी शेऱ्यात लिहिलं. सारखी घरं! दोन घरं सारखी निघाली नाहीत. प्रत्येक घर भरताना मला सरांचं ते बटण दिसत होतं, आणि बोट रागानं जोरात पडत होतं. मावशी म्हणाली, "हळू रे, मोडशील. काय झालंय तुला? भांडून आलायस जणू."

हॉर्न वाजला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा वाजला.

शेवटच्या घराशी लाल दिवा पेटला. मग ते चिरकायला लागलं. मी शेवटचं उत्तर भरलं आणि माहिती आत घ्यायचं बटण दाबलं. मशीन थांबलं. स्लोवर मीच ठेवलं होतं त्याला, आणि आता ते तितक्याच सावकाश एकेक गोष्ट आत नेत होतं. दिवा लुकलुकतोय, मशीन चिरकतंय, डिस्क जागी होऊन गुणगुणतेय. बाया जवळ सरकल्या. त्यांना काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं. मग पडद्यावर एक ओळ आली. झालं होतं. मी झाकण लावलं.

सर जीपमधून उतरून वस्तीच्या तोंडापर्यंत आले होते, आत नाही.

"भरलीस?"

"सगळी."

"मशीनची सेटिंग कोणाला विचारून बदललीस?"

"तुम्हाला सांगितलं होतं, सर. तुम्ही हसलात."

त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं. मला वाटतं, हसलात हा शब्द त्यांना लागला. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "दुसरा मुलगा बघतो मी." आणि गेले. मला परत न्यायला हवं होतं हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं.

मी मावशीकडं राहिलो. तिला सांगितलं की काम गेलं. तिनं थापलेली भाकर तव्यावर टाकली. मग म्हणाली, "गेलं तर गेलं. पण ते लिवलेलं काढून तर न्हाई ना टाकणार तो?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं परभणीला आलो.

त्यांनी काढून टाकलं नाही. तेवढं सरांसाठी सांगितलं पाहिजे. पुढं मावशीच्या वस्तीत बोअर आली, पाणी लागलं, आणि ती माझ्यावर अजून खूश आहे. पण पावसाळ्यात कॉलेज सुरू झाल्यावर मी एकदा प्रयोगशाळेत गेलो, सर नव्हते, नवा मुलगा मशीनवर बसला होता. भला मुलगा, माझ्यापेक्षा हुशार. मी त्याला तो पडदा उघडायला सांगितला. वेग फास्ट. पडदा कायम चालू. डिस्क कायम फिरती. त्यानं नंतर केलेल्या गावांची माहिती आम्ही पाहिली. वालूरच्या बाजूची गावं होती. प्रत्येक गावात शेवटच्या वस्तीतलं घर नि घर एकसारखं.

"सर म्हणाले," तो मुलगा म्हणाला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

सर आले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. हे खोटं आहे, इथं बोअर येणार नाही, इथं कोणीतरी पुन्हा गेलं पाहिजे.

सर खुर्चीत बसले, चष्मा काढला. रागावले नाहीत. उलट समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या मावशीचं झालं ना काम? मग?"

मावशी तिथं राहते हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. इतकं सगळं करून त्यांच्या डोक्यात हेच राहिलं होतं. पोरानं आपल्या नातेवाइकाचं काम करून घेतलं. त्यांच्या मते मी हुशारी केली होती, आणि त्यांनी ती मोठ्या मनानं चालवून घेतली होती.

"सर, या वस्त्यांमध्ये माझी मावशी नाही," मी म्हणालो. "म्हणूनच विचारतोय."

"माझा तास आहे," सर म्हणाले.

त्या रविवारी मी वालूरच्या बाजूची गाडी पकडली. पिशवीत कोरे कागद होते. मला कोणी पाठवलं नव्हतं आणि ते कागद कोण घेणार हेही माहीत नव्हतं. पहिल्या वस्तीत शिरलो तर एक बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं, पाण्याचं विचारायला आलोय.

"मागंच आले होते की," ती म्हणाली. "जीपीत बसून बघितलं अन् गेले. तू कुणाकडून?"

"कुणाकडून नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्या चपलांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"मग बस," ती म्हणाली. "अन् नीट लिव. आमचं पाणी त्या म्हसोबाच्या पलीकडून येतंय, अन् ते बी एक दिवसाआड."

मी खाली बसलो आणि लिहायला लागलो.